न वाजलेली शिट्टी

दाजींवर माझा विश्वास नव्हता. बहिणीचा नवरा म्हणून जेवढा मान द्यायचा तेवढा देत होतो, पण रुळांच्या कडेला झाडं तोडताना मी सख्ख्या बापाचाही भरवसा धरला नसता.

आमची टोळी छोटी. मी यंत्राची करवत चालवणारा, तिघे कोयतेवाले आणि वळणावर उभे दाजी. वाढलेल्या फांद्या सिग्नल झाकायच्या, वाऱ्यात तारांवर पडायच्या. त्या आम्ही उतरवायच्या. दाजींचं काम एकच, गाडीवर नजर ठेवायची. गाडी दिसली की शिट्टी. शिट्टी झाली की हत्यार खाली टाकून सगळ्यांनी रुळांपासून लांब व्हायचं आणि हात वर करायचा. करवतीच्या घरघरीतूनही कानात घुसेल अशीच ती शिट्टी असते.

आणि हे महाशय ती वाजवतच नव्हते! मी कापण्यात गुंग असायचो, तोच पाठीवर थाप पडायची. वळून पाहावं तर दाजी धापा टाकत उभे आणि मागून गाडी. एक दिवस ही थाप उशिरा पडली की मी संपलो.

कोयतेवाल्यांना विचारलं. “वाजली की शिट्टी,” तिघेही एका सुरात म्हणाले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. दाजी त्यांना आपल्या डब्यातलं वाढायचे, विनोद सांगून हसवायचे. मिळालेले असणार सगळे. बहिणीच्या कानावर घातलं तर ती रडवेली झाली. “दादा, त्यांच्या पोटावर पाय देऊ नकोस रे. ते तर म्हणतात, दादांना जपावं लागतं.”

मला जपतात म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा.

शेवटी मी आमच्या टोळीवरच्या साहेबांना गाठलं. म्हटलं, “न सांगता या, दाजींच्या शेजारी उभे राहा आणि तुमच्या डोळ्यांनीच बघा.”

साहेब आले. मी मुद्दाम करवत बंद ठेवली आणि खाली बसून हातानेच वेल उपटू लागलो. तिरका डोळा मात्र दाजींवर. आज बरोबर सापडतोय गडी.

दाजींनी शिट्टी तोंडाला लावली. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज नाही. कोयतेवाले तरीही हत्यारं टाकून लांब झाले, हात वर. काय सोंग हे! साहेबांच्या देखत नुसते गाल फुगवतो! मी ओरडायला उठलो आणि साहेब दिसले. दाजींच्या शेजारी, दोन्ही कानांत बोटं घालून.

म्हणजे शिट्टी वाजत होती. करवतीचा आवाज अडवायला कानांवर लावायची झाकणं मला फार पूर्वीच मिळाली होती. ती लावली तर शिट्टी कशी ऐकू येणार, म्हणून वर्षानुवर्षं मी उघड्या कानांनी करवत चालवली. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, गाडीची धडधड ऐकू येत होती. तेवढा एक बारीक, टोकदार आवाज करवतीने खाऊन टाकला होता.

दाजी पळत येत होते आणि गाडी त्यांच्या पाठीमागे होती. दर वेळी ते असेच पळत आले असणार. मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. त्यांनी मला दंडाला धरून ओढलं आणि गाडी निघून गेली.

साहेब जवळ आले. “शिट्टी तर वेळेवर वाजली. मग तक्रार कशाची होती?”

“गैरसमज झाला, साहेब,” दाजी घाईघाईने म्हणाले. “दादा कामात असले की त्यांचं लक्ष नसतं.” मग हळूच मला म्हणाले, “घरी बोलू.”

नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. करवतीशिवाय मला दुसरं काही येत नाही. पण दाजींना अजून धाप लागली होती, बोलताना शब्द तुटत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“शिट्टी वाजली, साहेब,” मी म्हटलं. “मला ऐकू आली नाही. करवत दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्यापायी हा माणूस गाडीपुढे पळतोय.”