पांढरीची माती

“दाराजवळची तेवढी सोडा. बाकी न्या पायजे तितकी,” मैनाबाई बैलांच्या पुढ्यात उभी राहून नवऱ्याला म्हणाली.

चंद्रभानने चिमूटभर माती जिभेवर घेतली. खारट लागली, तसा तो खूश झाला. “अवं, हेच त पऱ्हाटीचं खानं! तिकडं साता समुद्रापल्याड लढाई लागली म्हून कापसाले हा भाव. पुन्हा येनार हाये का?”

पटकीच्या साथीनंतर जुनं गाव उठून तेल्हाऱ्याच्या वाटेवर वसलं होतं. मागे उरली होती पडक्या भिंतींची पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, गुरांचं मूत त्या मातीत मुरलेलं. भाव चढल्यापासून चंद्रभानने ज्वारी-तुरीला रजा देऊन खालच्या एकाच वावरात कापसावर कापूस घेतला. वावर उपाशी पडलं, पानं अवेळी लाल व्हायला लागली, तेव्हा त्याला पांढरी आठवली. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त तिथल्या त्यांच्या जुन्या घराच्या दारात मैनाबाईने लेकीची नाळ पुरली होती, आणि लेक त्याच साथीत गेली होती.

“सोडतो,” तो म्हणाला. ती भाकरी टाकायला घरी गेली. परत येऊन पाहते तर दाराच्या जागी खड्डा!

“गाडी अर्धीच भरली व्हती,” चंद्रभान खाली मान घालून म्हणाला. मैनाबाईला इतका संताप आला की पोळ्यापर्यंत ती त्याच्याशी धड बोलली नाही.

पाऊस चांगला झाला. कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. चंद्रभान मिशीवर ताव देत हिंडला. पण दिवाळी आली तरी नुसती पानंच पानं, बोंड औषधालाही सापडेना. गाव हसायला लागलं.

शेजारच्या वावरातला ताहेर बांधावर आला.

“भाऊ, माती किती टाकली?”

“व्हती तितकी सारी.”

“मंग! झाडाले फाजील भेटलं त थे पाल्यातच माजते, बोंड धरत नाही. पुढच्या साली जवारी पेरा. लय खादाड हाये, उरलंसुरलं सारं ओढून घेते.”

चंद्रभान चिडला. “आता ढोरंच सोडतो यात!”

मैनाबाई आडवी आली. “ढोरं नाही घालायची.”

“काहून?”

“काहून थे तुमाले मालूम हाये.”

त्याला माहीत होतं. दाराची ती माती याच वावरात पसरली होती. त्याने गडी लावला नाही, सगळ्या पऱ्हाट्या एकट्याने उपटल्या.

पुढच्या साली ज्वारी पेरली. कणसं अशी भरली की धांडे वाकले. कापणीच्या सकाळी गडी सूर्यभान गाडी जुंपून अंगणात आला.

“मालक, कोनत्या वावरात जायचं?”

चंद्रभान मुंडासं बांधत होता. “वच्छलीच्या वावरात,” तो म्हणाला.

लेक गेल्यापासून त्याने तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. चुलीपुढे मैनाबाईचा हात थांबला.

“हे कोनतं वावर जी?” सूर्यभान गोंधळला.

“खालचं. आता त्याले असंच म्हनायचं.”

मैनाबाईने तव्यावरची भाकरी उतरवली, विळा घेतला आणि दोघांच्या आधी गाडीत जाऊन बसली.