हॅस्केलबाईंच्या भिंतीतला पाइप

"पपा, लोकांनी घर तापवायला तेल घ्यायचं बंद केलं तर तू काय करणार?"

हे विचारून दाखवायची पैज टेस आणि ब्रायनाने शाळेत जेवणाच्या सुट्टीत लावली होती. मारेनने शनिवारी सकाळी, तेलाच्या ट्रकमध्ये शेजारी बसून, विचारून टाकलं. तिच्या पपाने, आर्माँ शोकेटने, उगाचच एकदा वायपर फिरवले.

"तुझ्या मैत्रिणींची घरं काय गप्पांवर तापतात?"

"टेसकडे हीट पंप बसलाय. विजेवर घर तापतं, तेल लागतच नाही."

"मग कडाक्याच्या रात्री टेसला म्हणावं, दोन स्वेटर घालून झोप."

विषय उडवण्यात पपा पटाईत. पण महिनाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं, हे मारेनला दिसत होतं. राजधानीत कायदा शिजत होता: लोकांना तेलावरून स्वच्छ इंधनावर न्यायचा खर्च तेल विकणाऱ्यांनीच उचलायचा. मोठ्या कंपन्या तो गिऱ्हाइकाच्या माथी मारून मोकळ्या होतील. पपाकडे एकच ट्रक, आणि सगळी गिऱ्हाइकं नावानिशी ओळखीची. तो कुणाच्या माथी मारणार?

हॅस्केलबाईंच्या दारात ट्रक थांबला. मारेनने बर्फातून नळी ओढत नेऊन भिंतीतल्या पाइपाला जोडली. तळघरातली टाकी भरू लागली की आतली हवा शिट्टी वाजवत बाहेर पडते आणि शिट्टी थांबली की टाकी भरली. ही शिट्टी मारेन पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. पपाने खटका दाबला. नळी थरथरली.

एक, दोन, तीन. शिट्टी नाही.

"पपा, बंद कर. शिट्टी येत नाहीये."

"बर्फाने तोंड बुजलं असेल," म्हणता म्हणता त्यानेच खटका ओढला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तळघरात टाकी नव्हतीच. तिच्या पायांचे चार गंजके डाग होते, आणि त्यांच्यावरून लालसर तेल नाताळच्या सजावटीच्या खोक्यांकडे सरकत होतं.

"आर्माँ, गावच्या पॅनकेकच्या जेवणाला मी तुला सांगितलं होतं ना, हीट पंप बसवलाय म्हणून?" हॅस्केलबाई जिन्यावरून म्हणाल्या. "तू 'बरं झालं' म्हणालास."

"म्हणालो होतो."

"टाकी नेणाऱ्यांनी पाइप तसाच ठेवला. मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

पपाने तेल शोषणारी भुकटी पसरली. मग तेल सांडल्याची नोंद घेणाऱ्या सरकारी कार्यालयाला फोन करून स्वतःचं नाव, पत्ता, सगळं स्वतःच सांगितलं. मारेन खोकी उचलत राहिली, पण तिचे कान फोनकडेच होते. पाचेक गॅलन सांडलं होतं. आणखी तीन मिनिटं गेली असती तर बाईंच्या विहिरीचं पाणीही नासलं असतं.

परतताना तिने विचारलं, "गिऱ्हाइकांच्या यादीतून त्यांचं नाव का नाही काढलंस?"

पपाने ट्रकचा वेग कमी केला. "यंदा अकरा काढली. बारावं काढवेना."

घरी ममाने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं. "परवाना जाईल?"

"माहीत नाही, कोरीन."

सूप निवत चाललं होतं. मारेनने खुर्ची पुढे ओढली.

"मी ठरवलंय. सप्टेंबरपासून तांत्रिक केंद्रात हीट पंप बसवायला शिकणार. सोमवारी फॉर्म भरते. कॉलेजचं नंतर बघू, ममा, आत्ता डोळे वटारू नकोस. आणि पपा, मोठ्यांचा वर्ग संध्याकाळी असतो. तुझंही नाव घालतेय."