उणे अठ्ठावन्न टक्के गरम

क्ष = ०.५

तळहाताएवढी मेणबत्ती. ताईचा प्रोग्रॅम म्हणाला, गाभ्यात निम्मीच उष्णता उरलीय, साचा काढा. धाकट्या भावाने काढला. मेणबत्ती ताठ.

आत किती ऊब उरली, हे एरर फंक्शन नावाचं गणिती सूत्र सांगतं. ताईने त्याच्या न संपणाऱ्या मालिकेची पहिली चार पदं लिहिली, छोट्या मेणबत्त्यांवर तपासली आणि हात झटकले.

जितकं जाड मेण, तितका क्ष मोठा. जसा वेळ जाईल, तसा लहान.

क्ष = २

कमरेएवढी मेणबत्ती. नाटकवाल्या बाईंना उद्याच्या प्रयोगाला हवी. मागची घाईने उघडली, तर तिचं पोट सुटलं; ती कोपऱ्यात बसलीय, नाव ‘मामा’. आता दुसरं मेण नाही. हीही बसली, तर काम गेलं.

दुपारी साचा हाताला गार लागला. पडद्यावर: गाभ्यातली उष्णता उणे अठ्ठावन्न टक्के.

“गारच आहे की.” भाऊ स्क्रू सैल करू लागला.

“अहो, उणे म्हणजे आत बर्फ पडलाय का?” वहिनी म्हणाली.

ताईने कोडकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला.

“हात काढ, गाढवा. उत्तर शून्य ते शंभराच्या बाहेर जातच नाही.”

“मग गेलं कसं?”

“मी पाठवलं.”

क्ष = २, पुन्हा

लहान क्षला चार पदं पुरतात. मोठ्या क्षला पुढची पदं आधी फुगतात, मग कुठे आटतात, आणि ताईने मध्येच कात्री लावलेली.

मोठ्या क्षसाठी तिने वाट बदलली: पूर्ण एकाला, म्हणजे शंभर टक्क्यांना, किती कमी पडतं, तेवढंच मोजायचं आणि एकातून वजा करायचं.

नव्व्याण्णव पूर्णांक पाच टक्के.

“म्हणजे आत अजून रस्साच,” भाऊ म्हणाला आणि स्क्रू गपगुमान परत आवळला.

लहान क्षसाठी मालिकाच ठेवली, पण पदं वाढवून. दोन्ही वाटा जिथे मिळतात, तिथे दोन्हींचं उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत एकच आलं. ताई खुर्चीसकट गोल फिरली.

“स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढं हसला नव्हतात,” वहिनी म्हणाली.

“लग्नात दोन्हीकडचे इतके जुळले नव्हते.”

क्ष = ०.५, सकाळी

बावन्न टक्के.

बाई दारात. भावाने साचा उघडला. मेणबत्ती उभी राहिली. उभीच राहिली.

बाई तिच्याभोवती फिरल्या, मग कोपऱ्यात थबकल्या. “आणि हे कोण?”

“मामा,” तिघं एकदम.

“सावकाराची भूमिका रिकामी आहे,” बाई म्हणाल्या. “यांनाही बांधा.”