दुकानात वाघ, दवाखान्यात शेळी

इकडेतिकडे काय बघताय? मी बोलतोय, दातांच्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीतला जांभळा मासा. लांबीनं तुमच्या बोटाएवढा, डोळ्यातून गेलेली एक काळी रेघ, आणि स्वभावानं पहिल्यापासून नको तिथे नाक खुपसणारा. माशाला नाक असतं का, हा वाद नंतर घालू.

माझा जन्म समुद्रातला नाही. समुद्र मी फक्त ऐकून आहे. मासे वाढवणाऱ्या एका माणसाच्या शेडमध्ये, निळ्या पिंपात मी अंड्यातून बाहेर आलो. जरा मोठा झाल्यावर पिशवीत बसून दुकानात आलो आणि तिथे मला जगातली सगळ्यात मजेची गोष्ट दिसली, ती म्हणजे माणसाचं बोट. काचेला टेकलं की पांढरं पडतं, उचललं की पुन्हा गुलाबी होतं. असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून बोट दिसलं रे दिसलं की मी सुळकन पुढे जायचो. लोक म्हणायचे, काय धीट आहे. धीट कसला, चौकस.

या बोटाच्या नादापायीच माझी निवड झाली. एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या सासूबाई दुकानात आल्या.

“टाकी छोटी आहे, खाऱ्या पाण्याची,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “प्रवाळ छान वाढलंय. पण मासा दिसेल तर शपथ. पेशंट घाबरलेले असतात, त्यांचं जरा मन रमावं म्हणून टाकी ठेवली, तर हा स्वतःच दगडाआड.”

“आधी कोणता नेला होतात?” दुकानदारानं विचारलं.

“तो पांढरा, शेपटीकडे लाल, पाठीवर तुरा असलेला.”

“तो लाजाळूच असतो हो.”

“लाजाळू कसला, मेला असेल तो,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही रोज दगडांना खाऊ घालतोय.”

दुकानदार हसला. मग त्यानं मासा कसा निवडायचा ते सांगितलं. रंगावर भाळू नका. टाकीसमोर उभे राहा आणि काचेला हलकेच बोट लावा. पळतो त्याला सोडा, बघायला येतो त्याला बघा. पंख फाटलेले नकोत, श्वास धापा टाकल्यासारखा नको, आणि तुमच्यासमोर त्यानं खाल्लं पाहिजे. “आणि टाकी लहान आहे, तेव्हा धीट हवा, दांडगा नको. नाहीतर बाकीच्यांचं जिणं हराम करेल.”

सासूबाईंनी बोट लावलं. जाडजूड बोट, त्यात रुतून बसलेली अंगठी. मी त्या अंगठीमागे डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, मध्येच खाऊ पडला तो गिळला आणि परत अंगठीशी आलो.

“हा आगाऊ दिसतोय,” त्या म्हणाल्या. “हाच घे.” आणि रस्त्यात सुनेला म्हणाल्या, “पण हा शेवटचा हं. हाही लपला तर ती टाकी काढायची. तिथे दोन खुर्च्या बसतील.”

मी पिशवीतून सगळं ऐकत होतो. मला वाटलं, आपल्याला काय, बोटं बघत बसायचं.

दवाखाना म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. एका बाजूला पेशंटचा बाक, दुसऱ्या बाजूला ती मागे कलणारी मोठी खुर्ची, आणि मध्ये एका कपाटावर आमची टाकी. डॉक्टरीणबाईंनी मला घाई न करता नव्या पाण्याची सवय करून दिली आणि अलगद सोडलं. मी प्रवाळाभोवती एक चक्कर मारली, कुठे काय आहे ते बघितलं. मनात म्हटलं, झकास.

तेवढ्यात सगळं पाणी थरथरलं.

माणसांना तो नुसता घरघराट वाटतो. दात कोरायच्या हत्याराला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर त्याच कपाटात, अगदी आमच्या पायाखाली होता. पाय नाहीत, पण कळलं ना? आम्हाला आवाज नुसत्या कानानं नाही, सगळ्या अंगानं ऐकू येतो. मी दिसेल त्या फटीत घुसलो. आत आधीच कोणीतरी होतं. पांढरं, शेपटीकडे लाल, पाठीवर तुरा.

“जागा नाही,” तो म्हणाला.

“तू मेलायस ना?”

“कोण म्हणालं? मी पहिल्या दिवशी बाहेरच होतो. मग हे सुरू झालं.”

मी त्याला जरा ढुसणी दिली, तो जरा सरकला, आणि आमचा संसार सुरू झाला. आवाज थांबला की मी तोंड बाहेर काढायचो, आणि आता निघावं म्हटलं की पुन्हा घर्र. वाहत येईल तो खाऊ आम्ही वाटून खायचो. बाहेरून सासूबाईंची अंगठी काचेला टेकायची. मला जायचं होतं हो, फार जायचं होतं, पण अंग ऐकेना.

“दुकानात वाघ, दवाखान्यात शेळी,” सासूबाई म्हणायच्या. ते मला लागायचं.

फटीतून मला बाक दिसायचा. तिथे एक गृहस्थ येऊन बसायचे. बस चालवायचे ते. भल्यामोठ्या मिशा, भलंमोठं अंग आणि एका बाजूनं सुजलेला गाल. ते टाकीकडे टक लावून बसायचे. घरघर सुरू झाली की मी आत आणि ते दाराबाहेर. पुढच्या खेपेला गाल आणखी सुजलेला असायचा. “दाढ आतून कुजत चाललीय त्यांची,” डॉक्टरीणबाई काळजीनं म्हणायच्या. “असंच चाललं तर जबड्यात पू पसरेल. पण माणूस खुर्चीपर्यंत येईल तेव्हा ना.”

शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, की रविवारी मासा दुकानात परत आणि टाकी विकायला. आणि शनिवारी कॉम्प्रेसर बंद पडला.

खोलीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी बाहेर आलो. एक चक्कर, दोन चक्कर. बाकावर सासूसुना रिकाम्या बसल्या होत्या, आणि कोपऱ्यात मिशा.

“अगं, हा बघ आला तुझा वाघ,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बोट पुढे केलं. मी धावलो. अंगठी तीच होती.

मग मेकॅनिक आला, त्यानं काहीतरी पिळलं, बटण दाबलं. घर्र. मी गुल. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या.

“जरा बंद करा हो.”

त्यानं बंद केला. मी बाहेर.

“आता सुरू करा.”

मी आत.

“परत बंद करा.”

“मॅडम, मशीन ठीक झालंय,” मेकॅनिक वैतागला. “हा काय खेळ मांडलाय?”

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून हसत होत्या. “आम्ही एकापेक्षा एक धीट मासा शोधत फिरतोय, आणि भीती आम्हीच कपाटात ठेवलीय.”

तेव्हा कोपऱ्यातून मिशा हळूच बोलल्या, “डॉक्टर, मी पण त्या आवाजालाच उठून जातो. माझ्या बसचं इंजिन याच्या दसपट ओरडतं, पण त्याचं बटण माझ्या हातात असतं.”

कोणी हसलं नाही. त्याबद्दल मला ही माणसं आवडतात.

कॉम्प्रेसर हलवायचा तर एकच जागा होती, मागची बाल्कनी. आणि ती सासूबाईंची. जेवण झालं की तिथल्या आरामखुर्चीत त्या डुलकी काढायच्या, ती वेळ त्यांनी कधी कोणाला दिली नव्हती. विचारायची सुनेची हिंमतच नव्हती.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्या सुजलेल्या गालाकडे. “ठेवा तिकडे,” त्या म्हणाल्या. “मला काय, डुलकी कुठेही लागते.”

लांब नळी टाकून कॉम्प्रेसर मागे गेला. मिशा खुर्चीत बसल्या, मान माझ्याकडे वळवून. मी काचेला चिकटून त्यांचं बोट बघत होतो. खुर्चीच्या हातावर ते पांढरं पडलं होतं. मग हळूहळू गुलाबी झालं. दाढ निघाली.

आता मला इथे बरेच दिवस झालेत. रंग थोडा फिकटलाय, चौकसपणा नाही. तुम्हाला लहान टाकीसाठी धीट मासा घ्यायचा असेल तर जरूर बोट लावून बघा. पण माशाला जोखण्याआधी एकदा आपल्या कपाटातही डोकावा. तुमच्याकडे भित्रं म्हणून नाव पडलेलं आणखी कोणी असेल, तर त्याच्यासाठीही डोकावा.

तुरेवाला बाहेर यायला माझ्यापेक्षा वेळ लागला. तो आला तेव्हा सासूबाई एकट्याच होत्या. “अरे, तू होतास होय रे,” एवढंच म्हणाल्या, आणि पदरानं काच पुसायला लागल्या. काच स्वच्छच होती.

त्यांची आरामखुर्ची आता आमच्यासमोर असते. जेवण झालं की त्या डोळे मिटतात आणि असं काही घोरतात की पाणी हलतं. तुरेवाला आणि मी जिथे असतो तिथेच असतो.