गोधडीतला जनरेटर

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. गोष्ट सांगतो, पण फुशारकीची नाही, लाजेची.

मी एक जुना जनरेटर आहे. अमेरिकेत मेनच्या उत्तरेला, बटाट्याच्या शेतांमधल्या एका वस्तीत माझं आयुष्य गेलं. तिथे घर उबदार ठेवते ती तळघरातली तेलाची भट्टी. वीज गेली की तिचा पंखा थांबतो, आणि टाकीभर तेल असूनही माणसं गारठतात. वस्तीत घरं चार, जनरेटर मी एकटा. म्हणून माझे मालक अल्सीडकाका मला घसरगाडीवर घालून दारोदार नेत. प्रत्येक घराला दोन तासांची पाळी. भट्टी धडधडू लागली की घरची बाई कुट्टूच्या पिठाचं गरम घावन काकांच्या हातावर ठेवी. मला वाटे, ही सगळी ऊब माझीच!

काम संपलं की काका मला पुसून गोधडी घालत. शेजारची लेओनी चिडवायची, "काका, काकूंना कधी घातलं होतंत का हो असं पांघरूण?"

"तुझी काकू कुरकुरत नव्हती गं. हा म्हातारा कुरकुरतो! आणि तू गं, पाळीच्या आधीच हजर? अधाशी कुठली!"

त्या जानेवारीत तीन दिवस बर्फाचा पाऊस कोसळला आणि वीज गेली. काकांच्याच घराची पाळी होती. "भिजशील रे," म्हणत त्यांनी मला बंदिस्त पडवीत घेतलं आणि दार लोटलं. विषारी धुराची सूचना देणारी घंटा घरात होती. पण भजनं ऐकायला तिचे सेल त्यांनी रेडिओत घातले होते.

मी चाललो. माझ्या धुरातल्या विषाला ना रंग, ना वास. ते फटीतून आत शिरलं. काका रेडिओबरोबर गात होते. हळूहळू त्यांचा आवाज जड झाला. मग नुसता रेडिओच गात राहिला. मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो.

तेवढ्यात पुढच्या पाळीसाठी मला न्यायला घसरगाडी ओढत लेओनी आली.

"अरे देवा! याला आत लावलंत?"

तिने माझा खटका पाडला, दारं सताड उघडली आणि काकांना बगलेत धरून बाहेर बर्फात ओढलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"तो... भिजला नाही ना?"

"गप्प बसा हो! मेलं त्याचं कौतुक!" ती रडत होती.

काका वाचले, पण आता गाताना शब्द अर्ध्यावर विसरतात. मला गोधडी मात्र तशीच घालतात. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, माझ्यावर माया करा, पण मला घरात घेऊ नका. दाराखिडक्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. घंटेचे सेल काढू नका. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा लेओनीची आठवण ठेवा. त्या दिवशीही ती पाळीच्या दहा मिनिटं आधीच आली होती.