बीम चालू असताना

घरात तिला चिमी म्हणत आणि संस्थेत मॅडम. तिचा थोरला भाऊ मात्र दोन्हीकडे दादाच होता. चिमी शिकत होती तेव्हापासून तो त्या संस्थेत मशीन चालवायचा. कागदोपत्री त्या मशीनला भलंमोठं नाव होतं, पण सगळे नुसतं मशीनच म्हणत. जाड काँक्रीटच्या भिंतीआड एक लांब नळी, तिच्यातून प्रोटॉनची बारीक धार सोडायची, ती टोकाला लिथियमच्या पातळ थरावर आदळली की न्यूट्रॉन बाहेर पडतात. या धारेला बीम म्हणायचं. ती धार तासन् तास एकसारखी ठेवणं हे दादाचं काम. पंपाचा आवाज जरा बदलला की तो चहाचा कप खाली ठेवून उठायचा.

चिमी डॉक्टरेट करून त्याच संस्थेत आली तेव्हा दादाला आभाळ ठेंगणं झालं. "डोकं हिचं, हात माझे," असं तो येईल त्याला सांगायचा. आई गावाकडे होती. ती फोनवर दर वेळी विचारायची, "सापडला का गं तुमचा तो न्यूट्रॉन?" तिची अशी पक्की समजूत होती की या दोघांनी मिळून काहीतरी हरवलंय आणि पगार मिळतो तो शोधण्याचा. दोघांनीही ती समजूत कधी दुरुस्त केली नाही.

शोधणं नव्हतं, मोजणं होतं. अणुभट्टीत इंधन जळतं तेव्हा मागे नवे नवे अणू तयार होतात. त्यातले काही अधाशी असतात, भट्टी चालवायला लागणारे न्यूट्रॉन मधल्या मध्ये गिळून टाकतात. कुठला अणू किती अधाशी, हे आकड्यात सांगायचं म्हणजे क्रॉस सेक्शन. भट्टीचा आराखडा करणाऱ्यांना तो आकडा लागतो. तो चुकला तर पुढचं गणित सगळं चुकतं. चिमीनं ज्या अणूच्या मागे दोन वर्षं घालवली त्याचा आकडा कुणी कधी मोजलाच नव्हता. तक्त्यात होता तो नुसत्या हिशेबाचा, अंदाजपंचे.

न मोजण्याला कारण होतं. तो अणू टिकत नसे. काही आठवड्यांत निम्मा विरून जाई. संस्थेतल्या केमिस्ट बाईंनी शिशाच्या काचेआड, लांब हातमोज्यांत हात घालून, कित्येक महिने खपून त्याचा चिमूटभर साठा वेगळा काढला आणि नखाएवढ्या डबीत बंद करून चिमीच्या हवाली केला. "आता माझ्या हातात काही नाही. लवकर उरक," एवढंच त्या म्हणाल्या. डबी बंद झाली त्या घटकेपासून आतला माल कमी होत चालला होता. बर्फाचा खडा मुठीत घेऊन लांबवर चालत जावं तसं ते होतं.

त्यात आणखी एक गोम होती. न्यूट्रॉन गिळल्यावर तो अणू बदलतो, आणि मोजायचा असतो तो हा बदललेला अणू. पण तोही दिवसभरात विरायला लागतो. म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरायचं. बीम सलग चार दिवस चालला तर बादलीत मोजण्याएवढं पाणी साठणार. मध्ये अर्धा दिवस जरी बंद पडला तरी होतं तेही गळून जाणार.

मशीन चालवायला परवाना असलेले दोघेच उरले होते. दिवसा दादा आणि रात्री पैलवान. पैलवान हे नाव त्याला चेष्टेनं पडलेलं. फुंकर मारली तर उडेल असा होता. तिसऱ्याची जागा कित्येक वर्षं रिकामी होती आणि ती भरा म्हणून सांगून सगळे थकले होते.

डबी मशीनच्या टोकाला बसवून बीम सुरू केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं पैलवानाकडून मशीन ताब्यात घेतलं आणि थोड्या वेळानं वहिनीचा फोन आला. आईचा पाय मुरगळल्यापासून वहिनी तिच्याकडेच राहिली होती. तिनं सांगितलं की पहाटेपासून आईला श्वास पुरेना, म्हणून दवाखान्यात दाखल केलंय, नाकाला नळी लावलीय, पण ती बोलतेय. दादानं फोन ठेवला आणि खुर्चीच्या पाठीवरचा शर्ट उचलला.

चिमी तेव्हा त्याच्या मागेच उभी होती. पडद्यावर बीमची रेघ सरळ चालली होती.

"मी निघतो," दादा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पोचेन. तूही चल."

"आणि हे?"

"बंद करावं लागेल."

चिमी म्हणाली की थांब जरा, मी डॉक्टरांशी बोलून घेते, आणि बाहेर व्हरांड्यात गेली. डॉक्टर सभ्य होते, घाईत होते. त्यांनी सांगितलं की आत्ता तब्येत स्थिर आहे, पण हृदय फार थकलंय, या वयात कुठल्या क्षणी काय होईल सांगता येत नाही. ज्यांना भेटायचं असेल त्यांनी येऊन जावं. चिमीनं त्यांचे आभार मानले. व्हरांड्याच्या खिडकीतून पाणी थंड करणाऱ्या टॉवरची वाफ दिसत होती. ती थोडा वेळ तिकडे बघत राहिली आणि आत आली.

"डॉक्टर म्हणाले, स्थिर आहे."

"आणखी काही म्हणाले?"

"नाही."

दादानं तिच्या तोंडाकडे बघितलं. लहानपणी ती पडली की खरंच लागलंय का ते तो असंच बघायचा.

"परवा संध्याकाळी बीम संपतो," चिमी म्हणाली. "संपला की तसेच निघू. तू गेलास तर डबी वाया जाईल, दादा. बाईंना ती परत करता येणार नाही."

त्यानं शर्ट पुन्हा खुर्चीवर टाकला आणि बसला. वहिनीला फोन करून सांगितलं की परवा दोघं येतो, आईला म्हणावं तोवर दम धर. हे म्हणताना तो हसलासुद्धा.

चिमीनं स्वतःची अशी समजूत घातली की आपण खोटं बोललो नाही. स्थिर आहे हे डॉक्टरच म्हणाले होते. उरलेलं वाक्य सगळेच डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिनं चार-पाचदा फोन लावला. एकदा आई स्वतः बोलली. आवाज खोल गेलेला, मधूनच तुटणारा. तिनं न्यूट्रॉनचं काही विचारलं नाही. थोरला निघाला का, एवढंच विचारलं. चिमी म्हणाली, निघतोच आहे.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला तो दादाच्या मोबाइलवर. तो नुसता ऐकत होता. शेवटी "बरं" म्हणाला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. चिमीला विचारावं लागलं नाही.

पंप चालू होते. चिमी टेबलाला धरून म्हणाली, "बंद कर, दादा. आपण जाऊ."

"आता काय घाई आहे?" दादा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत चालू दे."

आणि त्यानं बीम संध्याकाळपर्यंत चालवला. रेघ एकदाही हलली नाही. मग रीतीप्रमाणे एकेक पायरीनं मशीन उतरवलं आणि पैलवानाला सगळं समजावून दिलं. चिमीनं चिमट्यानं डबी काढून मोजणीच्या शिशाच्या खोलीत ठेवली, मोजणी सुरू केली, आणि दोघं गाडीत बसले. वाटेत त्यानं दोनदा पेट्रोलसाठी गाडी थांबवली.

घरी पोचले तेव्हा नातेवाईक जमले होते, यांच्यासाठी सगळं खोळंबलं होतं. आईला पोचवून आल्यावर वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि रडत रडत सांगू लागली. आई शेवटच्या दिवशी दाराकडे तोंड करून पडली होती. कुणी आत आलं की थोरला आला का विचारायची. मग वहिनी चिमीकडे वळली. तिच्या मनात काही नव्हतं, दुःखात जे आलं ते ती बोलून गेली.

"डॉक्टर म्हणत होते मला, तुमच्या नणंदेला पहिल्याच दिवशी सांगितलंय, भेटायचं तर येऊन जा. मला वाटलं, तुम्ही लगेच निघाल."

दादा दारात उभा होता. चिमीनं वर बघितलं तेव्हा तो तिथून निघून गेला होता. अंगणात जाऊन तो पाहुण्यांच्या खुर्च्या आवरायला लागला.

दोघं परतले तोवर मोजणी पूर्ण झाली होती. आकडा तक्त्यातल्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा जास्त आला. अणू वाटला होता तेवढा अधाशी नव्हता. भट्टीचा आराखडा करणाऱ्यांकडून आभाराचं पत्र आलं. केमिस्ट बाईंनी पेढे मागायला तोंड उघडलं आणि चिमीचा चेहरा बघून मागणं तसंच गिळलं. दादा कामावर आला तो पहिल्याच दिवशी चिमीला मॅडम म्हणाला. तिला वाटलं चेष्टा आहे. पण त्या दिवसापासून तो तिला मॅडमच म्हणायला लागला, अहो-जाहो करायला लागला. बीम किती हवा, किती वेळ हवा, मॅडम. त्याच्या कामात काडीचीही कसूर नव्हती. तिला बोट ठेवायला जागाच ठेवली नाही त्यानं.

वर्ष होत आलं तेव्हा आकड्यांची छाननी करणाऱ्या समितीनं कळवलं की फरक मोठा आहे, एकदा पुन्हा मोजून दाखवा. केमिस्ट बाई पुन्हा हातमोज्यांत शिरल्या. चिमी एका सुट्टीच्या सकाळी दादाच्या घरी गेली. वहिनीनं चहा ठेवला आणि काहीतरी काम काढून मागच्या खोलीत गेली.

दादानं सगळं ऐकून घेतलं. "मशीन काही माझं नाही, संस्थेचं आहे," तो म्हणाला. "तारीख कळवा."

चिमी उठली नाही. तिनं सांगितलं की डॉक्टर तिला काय म्हणाले होते, अगदी शब्दन् शब्द, आणि ती काय बोलली.

"ठाऊक आहे मला."

"मग बोल ना काहीतरी. शिव्या दे."

दादा खिडकीशी गेला. बोलायला लागला तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"तू मला विचारलं असतंस ना, की आई जाईल कदाचित, तरी थांबतोस का, तर मी थांबलोही असतो. तुझ्यासाठी. काय सांगावं. मग ते माझं मी पाहिलं असतं." तो थांबला. "तू विचारलंच नाहीस, चिमे. परस्पर ठरवून टाकलंस."

चहा तसाच राहिला.

दुसरी मोजणी दादानंच पार पाडली. आकडा पहिल्याशी जुळला, आणि समितीनं तो तक्त्यात घातला. आता कुठेही भट्टीचं गणित मांडणारा माणूस तो आकडा उचलतो आणि पुढे जातो. तो कुणी मोजला हे बघायची त्याला गरज पडत नाही. पुढच्याच आठवड्यात दादानं बदली मागून घेतली. तिसरी जागा अखेर भरली होती. नव्या ऑपरेटरला त्यानं महिनाभर मन लावून शिकवलं आणि तो पाणी थंड करण्याच्या विभागात गेला, संस्थेच्या आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे बीम नाही, न्यूट्रॉन नाहीत, फक्त मोठाले पाइप आहेत.

कँटीन मात्र सगळ्यांचं एकच. एके दुपारी गर्दी होती, आणि चिमीच्या टेबलासमोरची तेवढी एक खुर्ची रिकामी होती. दादा ताट घेऊन उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, आणि बसला. दोघं मान खाली घालून जेवले. जेवण झाल्यावर तो म्हणाला की गावाकडचं घर विकायचं वहिनी म्हणतेय, आईच्या कपाटातलं काही हवं असेल तर येऊन घेऊन जा.

"कधी येऊ?" चिमीनं विचारलं.

"मी नसेन तेव्हा ये," दादा म्हणाला, आणि ताट उचलून नळाकडे गेला.