वीस किलोचं माप बारीक होतं

भाऊबीजेच्या सकाळी बोरपिंपळ्याच्या मारुतीच्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षा, मोटारसायकली आणि दोन ट्रॅक्टर आडवेतिडवे उभे होते. एरवी या दिवशी बहिणी माहेरी येतात त्या भावाला ओवाळायला. या वर्षी बहिणी आल्या आणि ताट बाजूला ठेवून आधी काट्यावर चढल्या.

काटा साधासुधा नव्हता. त्याला भगवं कापड पांघरलेलं होतं, चारी बाजूंना केळीचे खांब उभे होते आणि आकडे दाखवणाऱ्या डब्याला झेंडूची माळ होती. शेजारी गादीवर हलकेनाथ महाराज बसले होते. महाराज स्वतः अंगाने चांगलेच भरलेले होते. पण भक्तांचं वजन ते आपल्या अंगावर घेतात, असं त्यांच्या चेल्याने आधीच सांगून ठेवल्यामुळे तो प्रश्न मिटला होता. चेला काट्यालगत मांडी घालून बसायचा. त्याचा उजवा हात सदा गोमुखीत, म्हणजे जपाच्या माळेच्या त्या भगव्या पिशवीत. माणूस काट्यावर चढला की त्याचा जप जोरात चाले.

"पृथ्वी खाली ओढते, मंत्र वर ओढतो!" महाराज गरजत होते. "डॉक्टर सांगतात, करंजी खाऊ नका. अरे, लक्ष्मीच्या सणाला करंजी नाही खायची, तर काय सुतकाला खायची? खा! माझं भस्म टाकून खा! चढा, माऊली."

लताबाई चढली. वसुबारसेच्या पहिल्या वजनाला ती एकाहत्तर किलो होती. आता डब्यावर आकडा आला, चौसष्ट किलो आठशे. गर्दीतून "ओ मायवं!" असा एकच सूर निघाला.

"महाराज, मी तं रोज ताटलीभर शेव खाधी!" लताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेव पोटात गेली, माऊली. अंगात नाही गेली."

यावर टाळ्या पडल्या. पोटातून शेव अंगात न जाता कुठे जाते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सणासुदीला असे प्रश्न विचारणारा माणूस कुणाला आवडतो?

लताबाईच्या मागे लोटन आबा उभे होते. या आबांची ओळख करून दिलीच पाहिजे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पंचक्रोशीत त्यांना काटेवाले आबा म्हणत. दिवाळीच्या सुमाराला कापूस घरात आला, की गाडी आणि काटा घेऊन खेडोपाडी व्यापारी फिरतात. बोरपिंपळ्यात शिरला की त्या व्यापाऱ्याच्या काट्यावर पहिलं वजन ठेवलं जाई ते आबांच्या घरचं वीस किलोचं लोखंडी माप. सरकारी शिक्का मारलेलं, हाताळून गुळगुळीत झालेलं. काट्याने वीसच्या खाली शंभर ग्रॅम जरी दाखवले, तरी आबा त्या व्यापाऱ्याला गावाबाहेर काढत. चार वर्षांत तिघांना त्यांनी असं पिटाळलं होतं. एकाच्या काट्यात तर बारकं यंत्र निघालं होतं.

असा हा माणूस. पण त्याला गोड फार प्रिय, आणि अंगात साखर. भाद्रपदात शेतात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट उजव्या पायाच्या अंगठ्यात घुसलं, ती जखम दसरा उलटला तरी भरेना. धुळ्याच्या डॉक्टर हेमांगीताईंनी पाय बघितला, वजन केलं, पंच्याऐंशी, आणि स्पष्ट सांगितलं, "आबा, हा अंगठा वाचवायचा असेल तर साखर खाली आली पाहिजे. गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. आणि सणात वजन उतरवायचं खूळ घेऊ नका. आहे तेवढं राहू द्या, एवढंच करा. एखादी करंजी खा, पण एखादीच. मग होळीपर्यंत हळूहळू पाच किलो उतरवू."

आबांना हे भलतंच मिळमिळीत वाटलं. एक करंजी आणि होळीपर्यंत पाच किलो! इकडे महाराज म्हणत होते, ताटभर खा आणि भाऊबीजेला या. बरं, आबाही काही आंधळे नव्हते. वसुबारसेला महाराजांच्या काट्यावर चढताना त्यांनी मुद्दाम ध्यान दिलं होतं. आकडा आला पंच्याऐंशी. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर तेवढाच. काटा खरा, असा शेरा आबांनी मनातल्या मनात मारला आणि तिथेच ते फसले. शिवाय महाराजांनी सांगितलं होतं, "गोळी आणि भस्म एका पोटात नांदत नाहीत." म्हणून गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्यात जाऊन बसली होती.

आता भाऊबीजेला आबा चढले. जप जोरात झाला. डब्यावर आकडा आला, अठ्ठ्याहत्तर.

"सात किलो!" चेला ओरडला. आबांनी तिथल्या तिथे नारळ फोडला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, बेबाबाईला, हाक मारली. "दख व! सात किलो गयं! डॉक्टरीनबाई पाच मागत व्हती, मी सात दिधं."

बेबाबाई त्यांच्या पायाकडे बघत होती. अंगठ्याची पट्टी पुन्हा ओली झाली होती. तिच्या थोरल्या भावाचा पाय असाच एका बोटापासून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत कापावा लागला होता, आणि ते ती विसरली नव्हती. पण नवऱ्याशी भांडून तो ऐकत नाही, हे तिला चाळीस वर्षांत कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "वजन कमी व्हयनं, मंग नाडा का बरं पुरत नही?"

आबांनी खाली पाहिलं. पायजम्याच्या नाड्याची गाठ जेमतेम टोकाला बसली होती.

"धोवामा आटी गया व्हई," आबा म्हणाले आणि त्यांनी अनारशाचा डबा उघडला.

तीन दिवसांनी कापूस घ्यायला भिकनशेठ आला. गाडी अंगणात लागली, काटा उतरला, आणि आबांनी रिवाजाप्रमाणे आपलं माप त्यावर ठेवलं. बरोबर वीस. कापसाची गाठोडी मोजून झाली. आबा खुशीत होते. त्यांना वाटलं, आपलं हलकं झालेलं वजन या शेठलाही दाखवावं. ते काट्यावर चढले.

सत्त्याऐंशी.

आबा उतरले. पुन्हा चढले. सत्त्याऐंशी. त्यांचं डोकंच फिरलं.

"भिकनशेठ! तुनी काटा मारा!"

भिकनशेठ बिचारा घाबरला. "आबा, आते तं तुम्हनंच माप ठेवं. वीस दखाडं ना? परत ठेवा."

आबांनी दातओठ खात माप परत ठेवलं. वीस. फिरवून ठेवलं. वीस. कोपऱ्यात ठेवलं. वीस. आणि स्वतः चढले की सत्त्याऐंशी. आबा एकदा मापाकडे बघत होते, एकदा आपल्या पोटाकडे.

"मारी दिधा रे यानी काटा," ते पुन्हा पुटपुटले, पण आवाजात आता जोर नव्हता.

बेबाबाई ओट्यावरून उठली. पदर खोचून नवऱ्यासमोर उभी राहिली. "आहो, कापूस कमी भरना की तुम्ही काटा तपासतस. तुम्ही सोता कमी भरनात तं नारय फोडतस. त्या म्हाराजना काटावर हाई माप कधी ठेवं का तुम्ही?"

आबांचा चेहरा उतरला. हसावं की रडावं त्यांना कळेना. ज्या माणसाने तीन व्यापाऱ्यांना गावाबाहेर काढलं, त्याला चौथा असा भर पारावर, केळीचे खांब लावून, टाळ्यांच्या गजरात गंडवून गेला होता. काटा कमी दाखवतो तेव्हा आपलं नुकसान, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कमी दाखवल्याने माणूस खूश होतो असा काटा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

त्यांनी खाली बसून पायाची ओली पट्टी बघितली. मग उठले, देव्हाऱ्यातून गोळ्या काढल्या आणि बेबाबाईच्या हातात दिल्या. "रोज तूच देत जाय," म्हणाले. आणि भिकनशेठला म्हणाले, "शेठ, तुळशीना लगीनले काटा लई ये. तुना काटाले आते पारावर मान शे."

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी महाराजांचा बोरपिंपळ्यातला शेवटचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवसापासून धुळ्यात मोठा दरबार लागणार होता, तसे फलकही छापून झाले होते. पारावर गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट. आबा घोंगडी पांघरून रांगेत. मागे भिकनशेठ, त्याचा काटा गाडीत झाकलेला, आणि आबांचे दोन भाचे, माप घोंगडीत गुंडाळून. बेबाबाई हळूच चेल्याच्या शेजारी जाऊन बसली होती, आणि तिची नजर त्याच्या गोमुखीतल्या हातावर होती.

आबा चढले. जप जोरात झाला. अठ्ठ्याहत्तर किलो तीनशे.

"स्थिर!" महाराज गरजले. "अठ्ठ्याहत्तरावर देह स्थिर झाला!"

नेमक्या त्याच क्षणी बेबाबाईने चेल्याची गोमुखी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तिच्यावर डोकं टेकलं. "नाथबाबा, आशीर्वाद द्या! मना कुकूले आशीर्वाद द्या!"

चेला हात सोडवू लागला. बेबाबाई सोडेना. तिने पन्नास वर्षं कापूस वेचला होता, तिच्या मुठीतून हात सोडवून घेणं त्या गुबगुबीत चेल्याचं काम नव्हतं. गर्दीला वाटलं, काय ही भक्ती! चार बायकांनी तर हात जोडले.

तेवढ्यात आबा खाली उतरले, दोघा भाच्यांनी घोंगडीतून पुढे सरकवलेलं लोखंडी माप उचललं आणि काट्यावर ठेवलं.

अठरा.

गर्दीत जे समोर होते त्यांना आधी काही उमगलंच नाही. मग लताबाई म्हणाली, "आबा, हाई तं तुम्हनं वीसनं माप शे ना?"

"वीसनंच शे," आबा म्हणाले. "पन दख, दोन किलो बारीक व्हयनं. माप बी करंजी खाई राहनं का काय म्हाराज, भस्म टाकीसन?"

हशा असा उसळला, की पिंपळावरचे कावळे उडाले. महाराज मात्र पट्टीचे. ते हात उंचावून उभे राहिले. "बघा! बघा मंत्राचं सामर्थ्य! लोखंडसुद्धा हलकं झालं!"

क्षणभर काहींनी हात जोडलेही. खोटं बोलावं तर असं दणकून बोलावं, ही महाराजांची विद्या. पण आबा तयार होते. "शेठ, काढ तुना काटा." भिकनशेठने आपला काटा शेजारी मांडला. माप उचलून त्याच्यावर ठेवलं. वीस. परत महाराजांच्या काट्यावर. अठरा. परत इकडे. वीस.

"या एवढ्या जागेत मंत्र आहे!" महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मंत्र जागामा नही, पिशवीमा शे," बेबाबाई डोकं वर करून म्हणाली. तिने चेल्याची मूठ गोमुखीसकट वर ओढली. माळ खाली पडली, आणि मागोमाग मोटारसायकलच्या चावीएवढं काळं रिमोट. त्यावर एकच बटण होतं. आबांनी ते उचललं आणि दाबलं. महाराजांच्या काट्यावर माप वीस झालं. पुन्हा दाबलं. अठरा. पुन्हा दाबलं. वीस.

मग लोकांनी रांग लावून ते बटण दाबून पाहिलं. लताबाईने दाबलं, तिच्या जावेने दाबलं, मारुतीच्या पुजाऱ्यानेही दाबलं. एक बटण दाबलं की दहातला एक भाग गायब, एवढीच सिद्धी. पहिल्या दिवशी बटण दाबायचं नाही, म्हणजे काटा खरा वाटतो. पुढच्या वेळी दाबायचं, म्हणजे भस्म खरं वाटतं. लताबाई आता भिकनशेठच्या काट्यावर चढली, बहात्तर आली आणि खाली बसून स्वतःवरच खोखो हसत सुटली. भस्माची पुडी फोडली तर आत गोवरीची राख. महाराज आणि चेला गावाने बोलावलेल्या पोलिसांच्या गाडीत बसले तेव्हा आबांनी काटाही पुरावा म्हणून बरोबर पाठवला. धुळ्याचे फलक तसेच लटकत राहिले.

दुसऱ्याच दिवशी बेबाबाईने आबांना धुळ्याला नेलं. हेमांगीताई फार रागावल्या. साखर चारशेच्या घरात होती. "अजून पंधरा दिवस आला नसतात, तर अंगठा काढावा लागला असता," त्यांनी सांगितलं आणि जखम साफ करायला घेतली. आबा मान खाली घालून बसले होते. मग गोळ्या, पट्टी, सकाळी बांधापर्यंत चालणं, भाकरी मोजून, आणि गोडाच्या डब्याची किल्ली बेबाबाईच्या कमरेला. जखम मार्गशीर्षात सुकत आली, पौषात बुजली.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आबा पुन्हा धुळ्याला निघाले. एसटीत त्यांच्या पायाशी गोणपाटाची जड पिशवी होती. कंडक्टरने विचारलं, "आबा, काय आहे हिच्यात?"

"साक्षीदार," आबा म्हणाले.

दवाखान्यात त्यांनी पिशवी उघडली आणि हेमांगीताईंच्या काट्यावर आधी माप ठेवलं. हेमांगीताई बघतच राहिल्या. काट्याने वीस दाखवले. मग आबा चढले. चौऱ्याऐंशी.

"भाऊबीजेनंतर तीन किलो उतरलात, आबा," त्या हसून म्हणाल्या. "पण दसऱ्याच्या वजनापेक्षा एकच किलो कमी. वाईट वाटलं का? महाराजांनी सात उतरवले होते."

आबांनी उजव्या पायाची वहाण काढून अंगठा हलवून दाखवला. त्यावर नवी गुलाबी कातडी आली होती.

"ताई, त्या सात कोठे गयात, माले ठाऊक नही," ते म्हणाले. "हाऊ एक मना पायनी कमाई शे. आनी हाऊ अंगठाबी."

मग खिशातून पुडी काढून त्यांनी तिळगुळाचा एक लाडू ताईंच्या हातावर ठेवला. दुसरा मोडून अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा बेबाबाईकडे केला. "ठेव तुना किल्लीना डबामा," म्हणाले.

आजही बोरपिंपळ्यात कुणी पारावर बसून चमत्कार सांगू लागला, की लोक त्याच्याशी भांडत नाहीत, त्याला शिव्या देत नाहीत. फक्त कुणीतरी उठतं आणि आबांच्या घरून माप घेऊन येतं. तुमच्या घरी वीस किलोचं माप नसेल. पण आपल्याला हवं तेच ऐकवणाऱ्या काट्यावर आधी एक खरं वजन ठेवून बघायचं, एवढी अक्कल तर घरोघरी असतेच. ती देव्हाऱ्यात ठेवू नका, वापरा.